लाकडी फळीपासून आपोआप मिटणाऱ्या दारापर्यंत

मालवणला रेल्वे नाही. मुंबईची गाडी धरायची तर एसटी किंवा रिक्षा करून कुडाळ गाठायचं, नाहीतर ओरोसजवळचं सिंधुदुर्ग स्थानक, नाहीतर कणकवली. त्यामुळे आपल्याकडे गाडीविषयी बोलणं होतं ते बहुतेक तिकिटाविषयी. रिझर्वेशन उघडल्या उघडल्या कसं संपलं, वेटिंग किती आलं, गणपतीला जादा गाड्या किती सोडल्या. डबा स्वतः कसा बांधलाय, तो धक्का का देतो, त्याचं दार का अडतं, संडासात पाणी का येत नाही, याकडे लक्ष जातं ते काही बिघडलं तरच. वैभववाडीपासून मडुऱ्यापर्यंतच्या फलाटांवर मात्र गेल्या काही वर्षांत गाडीची जातच बदलली आहे. जुने निळे डबे गेले, लाल-करडे आले, कणकवलीला पांढरी-निळी वंदे भारत थांबू लागली. या बदलात काय काय दडलंय ते सावकाशीने पाहण्यासारखं आहे.

सुरुवात आपल्याच माणसापासून करतो. मधु दंडवते 1971 पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. आजच्या सिंधुदुर्गाचा मुलूख त्याच मतदारसंघात यायचा. 1977 मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या असत. दंडवत्यांनी त्यांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसवायला लावल्या. 26 डिसेंबर 1977 ला मुंबई आणि हावड्यादरम्यान सुरू झालेल्या गीतांजली एक्स्प्रेसमध्ये पहिला वर्गच ठेवला नव्हता. पहिल्या वर्गाची गादी काढून घेण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाची फळी मऊ करावी, हा त्यामागचा विचार. आज देशभरातल्या स्लीपर डब्यात आपण पाठ टेकतो ती त्या निर्णयावर. ज्यांनी दंडवत्यांना निवडून दिलं त्यांच्या गावातून गाडी धावायला मात्र आणखी वीस वर्षं गेली. कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा 741 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 ला पूर्ण खुला झाला.

डब्यात केलेली सुधारणा कोणाच्या पाठीखाली पोहोचली, हे मोजमाप दंडवत्यांनी घालून दिलंय असं मी मानतो. पुढे जे जे पाहू ते मी त्याच मापाने पाहणार आहे.

कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हाचे डबे चेन्नईजवळ पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या नमुन्याचे होते. हा कारखाना 1955 साली स्वित्झर्लंडच्या तंत्रज्ञानावर उभा राहिला आणि तोच नमुना थोड्याफार फरकाने 2018 च्या जानेवारीपर्यंत बनत राहिला. साठ वर्षांहून अधिक टिकलेला नमुना वाईट म्हणवत नाही. पण त्याचे दोन दोष आपल्या मार्गावर फार महाग पडण्यासारखे होते. एक जोडणीचा, दुसरा ब्रेकचा.

जुन्या डब्यांच्या टोकाला दोन बाजूंना दोन गोल बफर असत आणि मधे फिरकीने आवळायची साखळीवजा जोडणी. ओढायचं काम साखळीचं, दाबायचं काम बफरचं. गाडी रुळांवर असेपर्यंत हे ठीक चालतं. गाडी कशावर आदळली की पुढचा डबा थबकतो, मागच्याचा वेग तसाच राहतो, बफर एकमेकांवरून घसरतात आणि मागच्या डब्याचा लोखंडी सांगाडा वर उचलला जाऊन पुढच्या डब्याच्या अंगात घुसतो. रेल्वे अपघातात बरीच माणसं अशा घुसण्यात जातात. नव्या डब्यांत बफर नाहीत. मधोमध एकच जाडजूड कपलिंग असतं, आकड्यासारख्या वाकवलेल्या बोटांनी एकमेकांचे हात घट्ट धरावेत तसं. ओढणं आणि दाबणं दोन्ही त्याच्यावरच असतं आणि एक टोक दुसऱ्यावर चढू नये अशी त्याची घडण असते. त्यामुळे गाडी रुळावरून उतरली तरी डबे एका रांगेत राहण्याची शक्यता वाढते.

हे सिंधुदुर्गात कोणाला फार समजावून सांगायला नको. 22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली हॉलिडे स्पेशल वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. इंजिन आणि पुढचे डबे रुळांवरून उतरले आणि 50 हून अधिक माणसं गेली. दरड थांबवणं हे डोंगराचं, जाळ्यांचं आणि गस्तीचं काम, तिथे डब्याची रचना काही करू शकत नाही. दरड आली, गाडी आदळली, तर पुढच्या काही सेकंदांत डब्यातल्या माणसाचं काय होईल, हे मात्र बऱ्याच अंशी रचनेवर ठरतं.

हे नवे लाल-करडे डबे एलएचबी म्हणून ओळखले जातात. लिंके-हॉफमन-बुश ही जर्मन कंपनी, तिच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. पहिले डबे 2000 साली जर्मनीतून आले, मग कपूरथळ्याच्या कारखान्यात बनू लागले. कोकणकन्या आणि मांडवीला ते 2019 मध्ये मिळाले. अंगाला स्टेनलेस स्टील असल्यामुळे खाऱ्या, दमट हवेत ते जुन्या डब्यांसारखे लवकर गंजत नाहीत. जुन्या डब्यांत संडासाजवळचा आणि दाराखालचा पत्रा आधी कुजायचा, आतून नवा रंग मारलेला असला तरी खालून भोकं पडलेली असायची. समुद्राच्या बाजूने धावणाऱ्या गाडीला हा फरक वर्षानुवर्षं पुरतो.

लांबी वाढली हा दुसरा फरक. जुना डबा साधारण 21.3 मीटर लांब होता, नवा सुमारे 23.5 मीटर. या दोन-सव्वादोन मीटरांत स्लीपरचा एक अख्खा कप्पा जास्तीचा बसला, म्हणून 72 बर्थांचे 80 झाले आणि थ्री-एसीत 64 चे 72. फलाटाची लांबी ठरलेली असल्यामुळे गाडीतले एकूण डबे मात्र कमी करावे लागले. जुन्या पद्धतीचे 24 डबे जिथे मावायचे तिथे नवे 22 मावतात. डबे कमी झाले की आधी कात्री कशाला लागते, तर जनरलला, हा अनुभव ज्याला त्याला आहे.

आता ब्रेक. जुन्या डब्यात ब्रेक लावला की ठोकळा थेट चाकाच्या कडेवर दाबला जायचा. उतारावर लोखंड घासल्याचा वास आणि किंचाळ्यासारखा आवाज खिडकीतून आत यायचा तो त्यामुळे. त्यात चाक तापतं आणि झिजून सपाट होतं, मग ती सपाटी प्रत्येक फेऱ्याला ठकठकत राहते. नव्या डब्यात चाकाच्या आसावर वेगळ्या तबकड्या बसवलेल्या असतात आणि ब्रेक त्या तबकड्यांना पकडतो. चाकाचं काम फिरण्याचं, थांबवण्याचं काम तबकडीचं. अंतर कमी लागतं, चाक गोल राहतं, आवाज कमी होतो.

मग एलएचबीत बसल्यावर गाडी सुटताना आणि थांबताना पाठीत तो गचका का बसतो? हा प्रश्न चाकरमानी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. मधल्या कपलिंगच्या जबड्यांत आणि त्यामागच्या स्प्रिंगच्या यंत्रणेत थोडी मोकळीक राहते. इंजिनाने ओढायला सुरुवात केली की पहिल्या डब्याची मोकळीक भरते, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा ठोसा झालेला असतो. यावर नवी, दोन्ही बाजूंनी दाब धरणारी यंत्रणा बसवण्याचं काम रेल्वेने हाती घेतलं आणि काही गाड्यांत फरक जाणवतोही. जिथे इंजिन एका टोकाला आणि ओझं मागे, तिथे हा दोष पूर्ण जाणं कठीण. त्यासाठी ताकदीची जागाच बदलावी लागते, आणि वंदे भारतमध्ये नेमकं तेच केलंय.

त्याआधी विजेबद्दल दोन शब्द. 20 जून 2022 ला कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं. तोवर एसी गाड्यांच्या टोकांना डिझेल जनरेटरचे डबे लागायचे, पंखे, दिवे, एसी सगळं त्यांच्या जिवावर. शेजारच्या डब्यात ज्याने रात्र काढली आहे त्याला तो घरघराट आठवत असेल. आता वरच्या तारेतली 25,000 व्होल्टची वीज इंजिनात येते, तिथे ती उतरवून 750 व्होल्टची होते आणि केबलने डब्याडब्यांत पोहोचते. जनरेटरचा एक डबा अडीअडचणीसाठी ठेवून दुसऱ्याच्या जागी बसायच्या जागा असलेला डबा लावता येतो. बोगद्यांतला धूरही गेला. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. डिझेल इंजिनाच्या दिवसांत बोगदा आला की खिडक्यांच्या काचा खाली येत, आणि ज्याची काच अडकलेली असेल त्याच्या नाकातोंडात धूर. स्लीपरच्या प्रवाशाला विद्युतीकरणाने दिलेली ही सर्वांत मोठी भेट. तिची फारशी कुठे नोंद झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

27 जून 2023 ला मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. सिंधुदुर्गात तिचा थांबा कणकवली. ती आठ डब्यांनिशी सुरू झाली, सात साधे चेअर कार आणि एक एक्झिक्युटिव्ह, मिळून सुमारे 530 आसनं. या गाडीला वेगळं इंजिन नाही. आठांपैकी चार डब्यांच्या चाकांना मोटरी आहेत, प्रत्येक डब्यात चार, आणि विजेची सगळी सामग्री डब्यांच्या जमिनीखाली टांगलेली. मुंबईची लोकल वर्षानुवर्षं याच तत्त्वावर धावत आली आहे. पुढून ओढण्याऐवजी ताकद गाडीभर वाटून दिली की तीन फायदे होतात. जास्त चाकं रुळाला धरून ढकलतात, त्यामुळे गाडी झटकन वेग घेते. ती बनवणाऱ्या पेरांबूरने या नमुन्याला 0 ते 100 किलोमीटर वेगासाठी 52 सेकंद सांगितले आहेत. डबे एकमेकांना जवळजवळ कायमचे जोडलेले असल्यामुळे मोकळीक राहत नाही आणि गचका बसत नाही. आणि ब्रेक लावताना याच मोटरी उलट काम करतात, चाकाची गती खाऊन वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत जाते. तबकड्यांचा ब्रेक लागतो तो शेवटी शेवटी.

झटकन वेग घेण्याला कोकणात खास अर्थ आहे. ही गाडी 160 किलोमीटरच्या वेगाने धावू शकत असली तरी आपल्या मार्गावर कमाल वेग 120 चा. त्यातही वळणं, पूल, एकेरी मार्गावरची क्रॉसिंग, जागोजागी वेग कमी करावा लागतो. अशा ठिकाणी जास्तीत जास्त वेग किती, यापेक्षा गेलेला वेग परत किती लवकर मिळतो यावर वेळ वाचतो. पावसाळ्यात मात्र हिशेब बदलतो. पावसाळी वेळापत्रकात हीच गाडी पावणेआठ तासांऐवजी सुमारे दहा तास घेते आणि आठवड्यात सहा दिवसांऐवजी तीन दिवस धावते. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की लोको पायलटला 40 किलोमीटरने चालवायची सूचना असते. यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. डोंगर ओला असताना कुठलीही मोटर त्याच्याशी पैज लावू शकत नाही.

विजेची सामग्री जमिनीखाली आली म्हणजे रुळावर चढलेल्या पाण्याचा धोका आला. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. वंदे भारतच्या पहिल्या नमुन्यातली सामग्री 400 मिलिमीटरपर्यंतच्या पाण्यात तग धरायची, 2022 च्या सुधारित नमुन्यात ती मर्यादा 650 केली. रुळावर पाणी असताना गाडी हाकावी असा याचा अर्थ नाही. अचानक पाणी वाढलं तरी गाडीतले दिवे, हवा आणि दारं चालू राहावीत, एवढ्यासाठी ही तजवीज.

बाहेरून पाहताना नजर जाते ती निमुळत्या नाकाकडे. आत एक कपलिंग लपवलेलं असतं, गाडी बंद पडली तर दुसऱ्या इंजिनाने ओढून नेण्यासाठी. वरचं आवरण फायबरचं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातेत म्हशी आडव्या आल्या आणि मुंबई-गांधीनगर गाडीचं नाक फुटलं, तेव्हा लोकांनी गाडी कच्ची असल्याचं म्हटलं. खरं तर ते आवरण फुटण्यासाठीच आहे. धडक त्याने घ्यायची, मागचा पोलादी सांगाडा शाबूत राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवं आवरण लावून गाडी पुन्हा निघायची. गवे रस्त्यावर उतरतात त्या आपल्या जिल्ह्यात हे ध्यानात ठेवावं.

मला सर्वांत जास्त रस आहे तो दारात. जुन्या डब्याचं दार आत उघडायचं, धावत्या गाडीत सताड उघडं राहायचं, आणि त्या पायरीवर बसून अर्ध्या कोकणाने पाऊस पाहिला आहे. वंदे भारतचं दार मिटलेलं असताना डब्याच्या अंगाशी सपाट असतं. उघडताना ते आधी थोडं बाहेर येतं आणि मग डब्याच्या कडेने बाजूला सरकतं. मिटताना याच्या उलट, शेवटी आत दाबून बसतं, भोवतीची रबराची कडा दबते आणि फट उरत नाही. बोगद्यात गाडी शिरताना हवेचा दाब एकदम बदलतो, कानात दडे बसतात. दार आणि दोन डब्यांमधला रस्ता नीट बंद असेल तर हा फरक आणि आवाज दोन्ही कमी आत येतात. इतके बोगदे असलेल्या मार्गावर हे सुख छोटं नाही. दाराच्या खालून एक पायरी पुढे सरकते आणि फलाट-डब्यामधली फट भरते. लुगडं सावरत चढणाऱ्या आजीच्या पायाखाली ती पायरी येते तेव्हा साठ वर्षांत हे का झालं नाही असं वाटल्याशिवाय राहत नाही.

दारांची कळ चालकाच्या हातात असते. सगळी दारं मिटल्याची खूण आल्याशिवाय गाडीला ताकद मिळत नाही, म्हणजे दार उघडं आणि गाडी चालू असं होऊच शकत नाही. मधे कोणी किंवा काही अडकलं तर दार मागे येतं. इथपर्यंत उत्तम. पण आता कणकवलीचा थांबा डोळ्यांसमोर आणा. गाडी दोन मिनिटं थांबते. आपल्याकडे माणूस एकटा गाडीत चढत नाही. त्याच्याबरोबर तांदळाची गोणी, नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ, मे महिन्यात आंब्याची पेटी, आणि हे सगळं वर चढवून जागेवर लावून देणारा भाऊ किंवा भाचा असतो. «सामान आधी, माणसां मगे,» अशी हाक आपल्या फलाटांवर नेहमीची. जुन्या गाडीतून भाचा गाडी हलल्यावरही उतरायचा, ते धोक्याचं होतं पण चालायचं. इथे दार मिटलं की मिटलं. पोहोचवायला आलेला माणूस आत अडकून पुढच्या स्थानकापर्यंत गेल्याच्या बातम्या देशभरातून आल्या आहेत. कणकवलीला मुंबईच्या गाडीत अडकला तर थेट रत्नागिरीला. साखळी ओढण्याऐवजी इथे आणीबाणीचं बटण आणि चालकाशी बोलायचं छोटं यंत्र असतं, पण अडकलेल्या भाच्यासाठी गाडी थांबवणं हा त्याचा उपयोग नव्हे. दार सुरक्षित आहे, फक्त ते ज्या प्रवाशाला गृहीत धरून केलंय तो एक चाकांची बॅग ओढत येतो.

सामानाच्या जागेतही तेच. आसनांवरच्या फळ्या छान आहेत, खालून पाहिलं तर वर काय ठेवलंय ते दिसावं म्हणून पारदर्शक. विमानातल्या बॅगेला त्या पुरतात. फणस कुठे ठेवायचा? आसनाखाली पाय, वर फळी, दाराजवळ उभं राहायची मनाई. गोणी घेऊन जाणारा प्रवासी मग कोकणकन्याच पसंत करतो, तिथे खालच्या बर्थखाली अख्खा संसार मावतो. आणि सुकट-बांगडे बंद एसी डब्यात नेणाऱ्याची अडचण वेगळीच. तिथली बरीचशी हवा तीच ती फिरवली जाते, ताजी हवा तिच्यात थोडी थोडी मिसळतात. उघड्या खिडकीच्या डब्यात जो वास दोन मिनिटांत निघून जातो तो इथे सगळ्यांना पनवेलपर्यंत सोबत करतो.

आसनांची कथा छोटी पण बोधक आहे. साध्या चेअर कारमध्ये एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन आसनं. एक्झिक्युटिव्हमध्ये दोन-दोन, आणि ती खिडकीकडे किंवा उलट दिशेला फिरवता येतात. प्रवाशांची तक्रार होती की साध्या आसनाची पाठ पुरेशी मागे जात नाही. 2023 मध्ये पेरांबूरने पुढच्या गाड्यांसाठी सुधारणांची यादी काढली, त्यात पाठीचा कल सुमारे 17 अंशांवरून 19 वर नेला होता. दोन अंश ऐकायला काहीच नाहीत, पण पाचव्या तासाला कंबर ते मोजते. त्याच यादीत संडासातल्या बेसिनचं खोलगट होणं होतं. आधीचं बेसिन उथळ, नळाचं पाणी आपटून कपड्यांवर उडायचं. कोणीतरी ते पाहिलं, लिहून घेतलं आणि बेसिन खोल केलं. गाडीची रचना सुधारते ती अशाच कामांनी. नाकाचा आकार एकदा ठरतो, बेसिन मात्र कोणीतरी वापरून पाहावं लागतं.

संडासाखाली काय चालतं तेही सांगायला हवं. पूर्वी मैला थेट रुळावर पडायचा, म्हणून स्थानकात गाडी उभी असताना वापरू नका अशी पाटी असायची, आणि रूळ व त्यांना धरून ठेवणारी लोखंडी सामग्री त्याने गंजायची. आता डब्याखाली टाक्या असतात. संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, शोधून काढलेले जीवाणू त्यात मैला खातात. त्यांना हवा लागत नाही, पाणी आणि वायू शिल्लक राहतो. एकच अट, टाकीत प्लास्टिकची बाटली, कपडा, डायपर जाता कामा नये. जीवाणू ते खाऊ शकत नाहीत आणि नळी तुंबते. वंदे भारतमध्ये याच्या जोडीला विमानासारखी हवेच्या दाबाने ओढून घेणारी यंत्रणा आहे, तिला एका वेळी लिटरभर पाणीही लागत नाही. साध्या गाडीत दहा-बारा तासांनी पाणी संपतं तेव्हा सगळ्यात जास्त हाल बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे होतात. पाणी वाचवणारी ही व्यवस्था खरं तर तिथेच आधी हवी होती.

इथून मी दंडवत्यांच्या मापाकडे येतो. वंदे भारत, त्याआधी 2017 मध्ये आलेली तेजस, जनशताब्दीला लागलेला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम, ही सगळी आरक्षणाची, वरच्या भाड्याची सोय. तेजसला हिरवा झेंडा दाखवणारे तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभूही एकेकाळी राजापूरचेच खासदार, हा योगायोग नोंदवण्याजोगा. पण झारापच्या माणसाची गाडी वेगळी आहे. ती दिवा-सावंतवाडी, गावोगावी थांबणारी, जनरल तिकिटाची. ओरोसला कचेरीत जाणारा, कुडाळला कॉलेजात जाणारा, सावंतवाडीला दवाखान्यात जाणारा, असा रोजचा प्रवासी जिल्ह्यात वाढतोय आणि त्याच्या वेळेची, त्याच्या मापाची गाडी नाही.

तशा गाडीचे नमुने तयार आहेत. 16 सप्टेंबर 2024 ला अहमदाबाद-भूज दरम्यान नमो भारत रॅपिड रेल सुरू झाली, बारा डबे, 1,150 आसनं, आरक्षण नाही, रुंद दोन पाखांची आपोआप मिटणारी दारं, डब्याडब्यांतून जाता येईल असा बंद रस्ता, ताकद गाडीभर वाटलेली. शंभर ते अडीचशे किलोमीटरच्या प्रवासासाठी ती बेतलेली आहे. रत्नागिरी ते मडगाव नेमकं त्याच पट्ट्यात बसतं.

एसीचं भाडं परवडत नसेल तर दुसरा विचारही झालेला आहे, आणि तो ज्या कारणाने झाला ते मुंबईतल्या आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसं खाली पडली आणि मेली. मुंबईत एसी लोकल 2017 च्या डिसेंबरपासून आहे, तिची दारं मिटतात. बिनाएसी लोकलची दारं मिटली तर आतल्यांचा श्वास कोंडेल, हा प्रश्न होता. मुंब्र्यानंतर रेल्वेने जाहीर केलेल्या नमुन्यात त्याची तीन उत्तरं एकत्र आहेत. दारांनाच तिरक्या पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे दार मिटलं तरी हवा येईल. छतावर बाहेरची हवा आत ढकलणारे पंखे. आणि डब्यांना जोडणारा रस्ता, म्हणजे एका डब्यात चेंगराचेंगर आणि शेजारचा मोकळा असं होणार नाही. तिन्ही एकमेकांवर टेकून आहेत. झडपांशिवाय दार मिटवता येत नाही, आणि छतावरच्या पंख्यांशिवाय मधल्या गर्दीपर्यंत हवा पोहोचत नाही.

हा नमुना कोकणात आणायचा तर त्याला इथले फेरफार करावे लागतील. तिरक्या पट्ट्या अशा कलाच्या हव्यात की जुलैतला आडवा पाऊस आत येणार नाही. लोकलप्रमाणे एक मालडबा हवा, पण दारं रुंद आणि जमीन धुता येईल अशी, म्हणजे मासळीची टोपली, भाजी, कलमांची रोपं तिथे जातील आणि बाकी डब्यांतली ये-जा अडणार नाही. दोनशे किलोमीटर जायचं असल्यामुळे संडास हवा, आणि पाणी वाचवणाराच हवा. मिटणारं दार असेल तर छोट्या स्थानकांवर थांबा दोन मिनिटांहून थोडा मोठा हवा, नाहीतर भाच्याचं तेच होणार. आणि क्रॉसिंगचा विचार आधी हवा. रोहा-वीर वगळता हा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे साध्या गाडीला मेच्या उन्हात एखाद्या आडबाजूच्या स्थानकात अर्धा तास उभं करून एक्स्प्रेस पुढे काढली जाते. चालू गाडीत खिडकी भागवून नेते, उभ्या गाडीत छतावरचा पंखा आणि नळाचं पाणी. म्हणून या गाडीच्या पंख्यांचा जोर आणि पाण्याच्या टाक्यांचं माप धावण्याच्या वेळेवरून काढू नये. झारापला बाजूच्या रुळावर ती जितका वेळ उभी राहील, त्या वेळेवरून काढावं.